ग्रीन कार्ड पेटीत आणि आम्ही धक्क्यावर: वेस्ट विंडसर ते बर्म्युडा

"आबा, तुम्ही किती शिप्समधून गेलात?"

एका रविवारी पोहे खाता खाता माझ्या दहा वर्षांच्या लेकीने, ईराने, तिच्या आजोबांना हा प्रश्न विचारला. बाबा, म्हणजे माझे सासरे, शांतपणे म्हणाले, "एकातूनही नाही." मी पोह्यांवर लिंबू पिळत होते, ते तसंच हातात राहिलं. या माणसाने मुंबईच्या गोदीत पस्तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. जहाजांचे पंप, झडपा, जिने, सगळ्यांची ड्रॉइंग्ज काढली आणि प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात स्वतःची तीन आद्याक्षरं टाकली. "जहाज पाण्यात गेलं की आमचं काम संपलं. आम्ही परत टेबलापाशी," असं म्हणून ते पोहे खायला लागले.

त्याच दुपारी मी लॅपटॉप उघडला. एकदा माझ्या डोक्यात काही शिरलं की निघत नाही, हे माझा नवरा निखिल लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून जाणून आहे. आम्ही न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला राहतो आणि तिथून तासाभरावर असलेल्या बेयॉनच्या धक्क्यावरून बर्म्युडाला जहाजं सुटतात. पाच रात्रींची सफर, विमानाचं भाडं नाही, शनिवारी निघून गुरुवारी घरी. चौघांचा खर्च भारताच्या दोन विमान तिकिटांइतका आला. टिप, वायफाय आणि धक्क्यावरचं पार्किंग याचे पैसे वेगळे पडतात, ते आधीच धरून ठेवा. बाल्कनीची खोली महाग होती, पण बाबांना समुद्र टीव्हीवर दाखवायचा असता तर तो घरीच होता.

आता कागदपत्रं. तुमच्यातले निम्मे जण यासाठीच हे वाचत असणार. आमच्या चौघांत तीन तऱ्हा आहेत. निखिल अमेरिकन नागरिक, त्याचा पासपोर्ट. ईरा इथेच जन्मलेली. तिचा पासपोर्ट संपला होता, पण जहाज अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येणार असेल तर नागरिक मुलांना जन्मदाखला चालतो, त्याची प्रतसुद्धा. मी आणि बाबा ग्रीन कार्डवाले. आमच्यासाठी भारतीय पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड, दोन्ही, मुदतीतले. बर्म्युडाला आम्हाला वेगळा व्हिसा लागला नाही. पण प्रत्येक बेटाचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतातही, तेव्हा पैसे भरण्याआधी आपल्या वाटेवरच्या प्रत्येक बंदराचा नियम तपासा. ऑनलाइन चेक-इनमध्ये पासपोर्टचा आणि कार्डाचा नंबर भरावा लागतो. तो मी बाबांनी स्वतः फायलीतून काढून दिलेल्या लॅमिनेट केलेल्या झेरॉक्सवरून भरला. अक्षरं इतकी सुबक दिसत होती की मी मनात बाबांचं कौतुकसुद्धा केलं.

बाबांच्या फायलीबद्दल सांगायलाच हवं. निळी, बटणाची, प्लास्टिकची फाइल. प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स, प्रत्येकीवर स्वतःची सही, वर पासपोर्ट आकाराचे दोन फोटो. ओरिजिनल कुणाच्या हातात द्यायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नियम. ओरिजिनल कागद त्यांच्या कपाटात, पांघरुणांखाली, कुलूपबंद पत्र्याच्या पेटीत असतात. निघायच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "बाबा, पासपोर्ट, ग्रीन कार्ड घेतलंत ना?"

"सगळं फायलीत आहे."

सासऱ्यांची फाइल उघडून बघणं मला बरं वाटेना. माझं तिथेच चुकलं.

शनिवारी सकाळी साडेअकराला आम्ही बेयॉनला पोचलो. वळणावरून जहाज दिसलं आणि ईरा किंचाळली. चौदा-पंधरा मजली पांढरीशुभ्र इमारत पाण्यात उभी! बाबा गाडीतून उतरून मान वर करून बघत राहिले. इस्त्रीचा शर्ट, बंद बूट, खिशाला पेन. लग्नाला निघाल्यासारखे तयार होऊन आले होते. "वेल्डिंग बघ किती सफाईचं आहे," ते मला म्हणाले.

मोठ्या बॅगा हमालांकडे दिल्या आणि आम्ही चेक-इनच्या रांगेत लागलो. काउंटरवर पिकलेल्या केसांच्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या एक बाई होत्या. निखिल झाला, ईरा झाली, मी झाले. बाबांनी फाइलचं बटण उघडलं, ओळख पटवायला म्हणून आणलेला खरा पासपोर्ट दिला आणि त्यावर ग्रीन कार्डाची ती सुबक झेरॉक्स ठेवली.

बाईंनी ती उलटसुलट केली. "सर, कार्ड कुठाय?"

"हेच. दिस इज ट्रू कॉपी. माय सिग्नेचर," बाबांनी सहीवर बोट ठेवलं.

"मला ओरिजिनल लागेल, सर."

मी बाबांकडे बघितलं. "बाबा, ओरिजिनल?"

"पेटीत."

"कुठल्या पेटीत?"

"घरी. अगं, तूच म्हणालीस ना, हे जहाज इथूनच निघतं अन् इथेच परत येतं? म्हणजे घारापुरीला जाऊन आल्यासारखंच झालं. भारतात जाताना मी कार्ड बरोबर नेलं होतं की नाही? तेव्हा देश सोडत होतो. आत्ता आपण नुसते फिरायला चाललोय."

बोलणं बिनतोड होतं, चूक असली तरी. बाईंनी समजावलं की वाटेत परका देश लागतो आणि परत येताना कार्ड दाखवावंच लागतं, त्याशिवाय त्या कुणालाही जहाजावर सोडू शकत नाहीत. चेक-इन दोन वाजता बंद होणार होतं. घड्याळात बारा दहा झाले होते.

ईरा म्हणाली, "बट दे टुक अ कॉपी ऑफ माय बर्थ सर्टिफिकेट! दॅट्स नॉट फेअर टू आबा!" बाबांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही तिघं जा. मी टॅक्सीने घरी जातो. माझ्यापायी पोरीची ट्रिप नको बुडायला."

"काहीतरीच काय बोलता!" मी जरा जोरातच बोलले. ज्यांच्यासाठी हे सगळं ठरवलं, तेच धक्क्यावरून परत जाणार? मग आम्ही पाच दिवस तिथे काय करणार, एकमेकांची तोंडं बघणार?

निखिलने हिशेब केला. जाऊन-येऊन दोन तास, म्हणजे वेळेत होत नाही. मग मला संगीता मावशी आठवल्या. त्या आमच्या घरापासून तिसऱ्या घरात राहतात. नागपूरच्या आहेत, साठीच्या, आणि गाडी अशी चालवतात की शेजारी बसलेला माणूस सगळे देव आठवतो. आमच्या गॅरेजचा कोड त्यांना माहीत आहे.

"मावशी, बाबांच्या कपाटात पांघरुणांखाली एक पेटी आहे. त्यातलं ग्रीन कार्ड—"

"कुलूप आहे न तिला?"

पेटीला कुलूप होतं आणि किल्ली होती निळ्या फायलीत, आमच्यापाशी. किल्लीची तेवढी झेरॉक्स नव्हती.

"मग पेटीच आणते ना! त्यात काय एवढं? कुकर बंद करते अन् निघतेच."

पुढचा दीड तास मी कसा काढला, मलाच माहीत. आम्ही बाजूच्या खुर्च्यांवर बसलो. लोक हसत, टोप्या घालून, फोटो काढत आत चालले होते. बाबा फाइल मांडीवर घेऊन ताठ बसले होते. मावशी वाटेत फोन उचलत नव्हत्या, आणि ते बरोबरच होतं, पण मला राग येत होता. एक वाजता निखिल रस्त्यापाशी जाऊन उभा राहिला. दीड झाला. काउंटरच्या बाई मधून मधून माझ्याकडे बघून मान हलवायच्या. पावणेदोन झाले आणि बाबा उठून उभे राहिले. "बास झालं आता. मी निघतो," ते म्हणाले.

तेवढ्यात दारातून निखिल आला आणि त्याच्यामागे मावशी. अंगात घरातला गाऊन, वर आमच्या गॅरेजमधून उचललेलं निखिलचं जाकीट, पायात रबरी चपला. कडेवर मूल घ्यावं तशी त्यांनी पेटी घेतली होती. "टर्नपाइकवर अॅक्सिडेंट झाला होता न बाई! पेटीला मी सीटबेल्ट लावून आणलं," त्या धापा टाकत म्हणाल्या.

बाबांनी काउंटरवरच पेटी उघडली. रांगेतल्या पाच-सहा जणांनी माना लांब केल्या. आत पेन्शनचे कागद, पदविकेचं प्रमाणपत्र, सासूबाईंच्या जुन्या पत्रांचा गठ्ठा, पुण्याच्या फ्लॅटचं खरेदीखत आणि अगदी तळाशी, कागदी खोळीत, कोरं करकरीत ग्रीन कार्ड. बाईंनी ते घेतलं, बघितलं आणि हसून म्हणाल्या, "सर, हे कायम बरोबर ठेवायचं असतं. तसा कायदाच आहे."

बाबांचा चेहरा पडला. "म्हणजे तीन वर्षं मी कायदा मोडत होतो?" त्यांनी मला मराठीत विचारलं. आयुष्यात कधी लाल सिग्नल न तोडलेला माणूस!

प्रश्न आता पेटीचा होता. ती जहाजावर न्यायची की घरी पाठवायची? दोन वाजायला सहा मिनिटं होती. बाबांनी पेटीला कुलूप घातलं, एकदा तिच्यावरून हात फिरवला आणि दोन्ही हातांनी ती संगीता मावशींच्या पुढे धरली. "सांभाळा," एवढंच म्हणाले. किल्लीसुद्धा त्यांनी मावशींनाच दिली. निखिलने माझ्याकडे बघितलं, कारण बारावीच्या फॉर्मला लागणारी स्वतःची ओरिजिनल मार्कशीटसुद्धा त्याला कधी हातात मिळाली नव्हती.

आणि आम्ही आत गेलो! ईरा नाचत, मी हसत आणि रडत. बाबा पुढे. गँगवेच्या, म्हणजे जहाजावर चढायच्या पुलाच्या, मध्यावर ते थांबले, खाली पाण्याकडे बघितलं आणि उजवा पाय आधी टाकून जहाजावर चढले.

चारला जहाज सुटलं. डेकवर गाणी लागली होती, लोकांच्या हातात रंगीत पेयं होती, लांबवर स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसत होता. पण खरी मजा पुढे होती. बंदराच्या तोंडाशी मोठा व्हेरॅझॅनो पूल आहे आणि जहाज त्याच्याखालून जातं. खालून बघताना वाटतं, धुरांडं आता आपटणारच. सगळा डेक श्वास रोखून वर बघत होता. बाबा एकटे म्हणाले, "जाईल. अंतर मापून बांधलंय कुणीतरी टेबलावर बसून." गेलं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात टाळ्या बाबांच्या होत्या.

रविवारचा दिवस समुद्रातच गेला. एक सूचना लिहून ठेवा: गल्फ स्ट्रीम या समुद्री प्रवाहात जहाज थोडं हलतं, तेव्हा आल्याच्या वड्या जवळ ठेवा. बुफेमध्ये वरण-भात मिळाला, वरणाला हिंगाचा वास नव्हता, पण गरम होतं. घरचा डबा नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातला चिवडा आणि भाकरवडी चालली. बाबांनी लाइफबोटी मोजल्या, दोर बांधायचे खुंट तपासले आणि एका अधिकाऱ्याला गाठून पंपांबद्दल अर्धा तास गप्पा मारल्या. त्या अधिकाऱ्याने जाताना त्यांना सलाम ठोकला. बाबा दिवसभर त्याच आनंदात होते.

सोमवारी सकाळी बर्म्युडा. पाण्याचा रंग असा की ईरा म्हणाली, "दॅट्स फेक." जहाज जुन्या नौदलाच्या गोदीलाच लागतं, आणि मला हे बुकिंग करताना लक्षातही आलं नव्हतं! दगडी भिंती, अवजड नांगर, जुनी कोठारं. बाबा गोदीत परत आले होते, फक्त या वेळी जहाजातून उतरून. तिथे दोन मनोरे आहेत. एकावरचं घड्याळ वेळ दाखवतं आणि दुसऱ्यावरची तबकडी पूर्वी भरतीची वेळ दाखवायची. "हे पाहिजे होतं आमच्याकडे," म्हणून बाबा तिथे पंधरा मिनिटं उभे होते.

गुलाबी बस पकडून आम्ही हॉर्सशू बेला गेलो. बस आणि फेरी दोन्हींना चालणारा दिवसाचा पास काढा, अमेरिकन डॉलर सगळीकडे चालतात. वाळू खरोखर गुलाबी झाक असलेली. दुपारी मनुकांच्या पावात तळलेल्या माशाचं सँडविच खाल्लं. "मनुका आणि मासा? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" असं म्हणत बाबांनी स्वतःचं संपवलं आणि माझं अर्धं खाल्लं. बसमध्ये काय, फेरीवर काय, ते दर दहा मिनिटांनी शर्टाचा खिसा चाचपत होते. कार्ड तिथे होतं.

मंगळवारी दुपारी जहाज परत फिरलं, बुधवार पुन्हा पाण्यात आणि गुरुवारी सकाळी बेयॉन. इमिग्रेशनच्या रांगेत अधिकाऱ्याने तोंड उघडायच्या आतच बाबांनी कार्ड पुढे केलं. "ओरिजिनल," ते म्हणाले. अधिकारी हसला. त्याला काय कळलं कोण जाणे.

संगीता मावशींनी पेटी स्वतःच्या देवघरात ठेवली होती, रोज फूल वाहत होत्या म्हणे. बाबांनी ती घरी आणली आणि आतलं काही तपासलं नाही. आता ते दूध आणायला कोपऱ्यावर गेले तरी ग्रीन कार्ड खिशात असतं.

तुम्ही जाणार असाल तर ओरिजिनल घ्या, प्रत्येकाचं स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या, सासऱ्यांची फाइल असली तरी उघडा. एवढंच सांगणार होते, पण परवाचं सांगते. बाबा पेटी उघडून बसले होते. ग्रीन कार्डाच्या कागदी खोळीत ते जहाजाचं कार्ड सरकवत होते, खोलीचं दार उघडायला मिळतं ते प्लास्टिकचं.

"बाबा, ते आता कशाला चालतंय? त्याची मुदत गुरुवारीच संपली."

"संपू दे," ते म्हणाले. "इतकी ड्रॉइंग्ज काढली, कोपऱ्यात माझी नुसती आद्याक्षरं असायची. यावर जहाजाचं नाव आहे आणि त्याच्याखाली माझं पूर्ण नाव. हे ओरिजिनल पेटीत राहील. तू फक्त एक झेरॉक्स काढून दे, पाकिटात ठेवायला."