ल्योवाने सोपवलेली चित्रं

शशिधरकाका साउथहॅम्प्टनला आमच्याच रस्त्यावर राहायचे. बंदरातून रिटायर झालेले मरीन इंजिनिअर. कुणाचं हीटिंग बंद पडलं की प्लंबरच्या आधी त्यांना फोन जायचा आणि ते बाह्या सरसावत हजर व्हायचे. एकदा शब्द दिला की दिला, अशी त्यांची ख्याती होती. त्या शब्दापायी काय झालं, ते मी स्वतः पाहिलं.

सत्तरच्या दशकात काका मुंबईच्या एका मालवाहू जहाजावर नोकरीला होते. चहा घेऊन सोव्हिएत युनियनमधल्या ओडेसा बंदरात जायचं, यंत्रं घेऊन परतायचं. एका हिवाळ्यात जहाज दुरुस्तीसाठी तिथेच अडकलं आणि बंदराच्या बॉयलर-हाउसमध्ये त्यांची ल्योवाशी ओळख झाली. ल्योवा पोटासाठी भट्टीत कोळसा टाकायचा, पण माणूस चित्रकार. सरकारी चित्रकार संघाने त्याला दारात उभं केलं नव्हतं, त्यामुळे कॅनव्हास नाही, रंग नाहीत, प्रदर्शन तर दूरच. तो जुन्या चादरींवर रंगवायचा, कधी बंदरातला लोखंडाचा रंगसुद्धा वापरायचा. एखाद्या मित्राच्या घरी, पडदे ओढून घेऊन, गुपचूप प्रदर्शन भरायचं. काका अशाच एका प्रदर्शनाला गेले. भिंतीवर रिकामे जिने होते, दोरीवर वाळत घातलेले कोट होते, दुकानापुढे रांगेत उभ्या बायका होत्या.

"यात बंदी घालण्यासारखं काय आहे?" काकांनी मोडक्यातोडक्या रशियनमध्ये विचारलं.

"त्या बायका दमलेल्या दिसतात," ल्योवा म्हणाला. "आमच्या देशात कुणी दमत नाही."

काही दिवसांतच त्या घरावर धाड पडली. जहाज सुटायच्या आदल्या दिवशी ल्योवा एक जाडजूड गुंडाळी घेऊन काकांकडे आला.

"शशी, ही घेऊन जा. कुणाला दाखवू नकोस, उघडूही नकोस. मी येईन ना, तेव्हा दोघं मिळून उघडू."

सापडले असते तर नोकरी गेली असती, तुरुंगही घडला असता. काकांनी गुंडाळी इंजिनरूममधल्या एका पाइपच्या आवरणाखाली दडवली आणि सुखरूप मुंबईला आणली. पुढे इंग्लंडात स्थायिक झाल्यावर ती साउथहॅम्प्टनच्या घराच्या लॉफ्टमध्ये गेली. उन्हाळ्यात लॉफ्ट तापायचा, हिवाळ्यात दमट व्हायचा.

मीनाक्षीकाकू मधूनमधून म्हणायच्या, "अहो, एकदा उघडून तर बघा. कसर लागली असेल."

"मी शब्द दिलाय."

"कोणाच्या भीतीने आता? तो देशसुद्धा राहिला नाही!"

सोव्हिएत युनियन कोसळल्यावर काकांनी जुन्या पत्त्यावर पत्र टाकलं होतं. उत्तर आलं नाही. मग "यायचा असेल तेव्हा येईल," म्हणून ते स्वस्थ बसले. ल्योवाला बिचाऱ्याला काय ठाऊक, हा माणूस आता इंग्लंडात आहे! त्याच्याकडे फक्त एक नाव होतं, आणि मुंबई.

ओडेसा आता युक्रेनमध्ये होतं, आणि दोन हजार चारच्या शेवटी टीव्हीवर रोज युक्रेनमधली निदर्शकांची गर्दी दिसायची. ती बघता बघता काकांनी मला प्रथमच ही सगळी हकिगत सांगितली. मी हॉस्पिटलात नोकरीला होते, आमच्या वॉर्डमध्ये ओक्साना नावाची नर्स होती, ओडेसाचीच. मी तिच्या कानावर घातलं, तिने आईला फोन केला, आईने आणखी कुणाला. जे कळलं ते मलाच काकांना सांगावं लागलं. ल्योवा मागच्याच हिवाळ्यात गेला होता. धाडीनंतर त्याच्या घरातलं एकूण एक चित्र उचलून नेलं होतं आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळात डांबलं होतं. बाहेर आल्यावर त्याने पुन्हा ब्रश धरला नाही. मागे राहिली होती फक्त बहीण, व्हेरा. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली.

"मागच्याच हिवाळ्यात?" काका म्हणाले आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

मे महिन्यात व्हेरा आली. काळा स्कर्ट, पांढरे आखूड केस, मोजकं बोलणं. काकूंनी जेवणाचं टेबल रिकामं केलं. काकांनी दोऱ्या सोडवल्या आणि गुंडाळीचं टोक उचललं. पापड मोडावा तसा आवाज झाला. रंगाच्या खपल्या टेबलावर आणि कार्पेटवर पडायला लागल्या. काकांचे हात जागीच थांबले.

"थांबू नका," व्हेरा म्हणाली.

चित्रं एकमेकांना चिकटली होती. सोडवावीत तर याचा रंग त्याला लागायचा. कुठे कोटाची एक बाही, कुठे एका बाईची हनुवटी, बाकी उघडी पडलेली चादर. व्हेरा एकेक खपली बोटाने टिपून बशीत ठेवत होती.

"ल्योवा नेहमी म्हणायचा," ती म्हणाली, "सगळं नेलं त्यांनी, पण शशीकडची शाबूत आहेत. शेवटच्या आजारातही हेच म्हणत होता."

"मला काहीतरी बोला हो," काका म्हणाले. "रागवा तरी."

"कुणावर रागवू? ज्यांनी नेली त्यांची नावं मला पाठ आहेत. त्यांत तुमचं नाव नाही."



लंडनमध्ये जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे आम्ही ती नेली. त्यांना एका जिन्याच्या चित्राचा अर्धा भाग वाचवता आला. रंग बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळायला हवं होतं, त्या म्हणाल्या, आणि दहा वर्षांपूर्वी कुणी उघडलं असतं तरी बरंच हाती लागलं असतं.

"दहा वर्षांपूर्वी," काका परतताना ट्रेनमध्ये म्हणाले. पुढे विंचेस्टर स्टेशन गेल्यावर पुन्हा तेच म्हणाले.

तो तुकडा व्हेरा घेऊन गेली. नंतर दर नाताळला तिचा फोन यायचा. "या ना ओडेसाला. ल्योवाची खोली दाखवते, समुद्र दाखवते." काकू तर बॅग भरायलाच तयार होत्या. काका म्हणायचे, "जाऊ, जाऊ. उन्हाळ्यात बघू." मला एकदा म्हणाले, "कुठल्या तोंडाने जाऊ गं?" असे तीन उन्हाळे गेले.

दोन हजार नऊच्या मार्चमध्ये ओक्सानाने मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. व्हेरा झोपेतच गेली होती. काकांची त्याच दिवशी हॉस्पिटलात डोळ्यांची अपॉइंटमेंट होती, मीच त्यांना घरी सोडणार होते. कार पार्कमध्येच त्यांना सांगितलं. त्यांनी सीटबेल्ट ओढला, पण लावला नाही.

"बोलावत होती गं ती," ते म्हणाले. "मनापासून बोलावत होती."