काळ्या गोळ्या आणि चाकावरची टोपी

...तर मग तेलशुद्धी कारखान्याचे इंजिनियर उर्दानेतांनी ती मिरीएवढी काळी गोळी चिमटीत धरली, उन्हात फिरवून पाहिली आणि चारचौघांत सांगून टाकलं, "मेली ही. टाकीतल्या सगळ्याच मेल्या. नव्या मागवू."

नव्या म्हणजे परदेशातून, बोटीनं, मग कोलंबियातल्या मग्दालेना नदीतून वर. सहा महिने! तोवर पेट्रोल सुधारायचा विभाग बंद आणि त्यातली चाळीस माणसं घरी. एलिओदोरो मान्तिया या चाळिसांतला सगळ्यात जुना. उस्तादच म्हणायचे त्याला. त्यानं गोळी मागून घेतली आणि चाकूनं चिरली.

"मेली नाही, साहेब. घसा भरलाय तिचा."

"उस्ताद, तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

"बायकोचा तिसरा तवा फुटला तेव्हा."

माणसं खो खो हसली, पण त्यात खोटं काही नव्हतं. त्याची बायको सोराइदा मातीच्या तव्यावर आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या, भाजायची. काजळी चढली की तवा भडक्यात टाकायची, तो फटकन तडकायचा. शेवटी एलिओदोरोनं तवा आपल्याकडे घेतला, मंद निखाऱ्यावर दिवसभर ठेवला आणि कोरा करून दिला.

गोळ्यांचंही तसंच. मूळच्या त्या पांढऱ्या, अंगभर प्लॅटिनमचे बारीक कण; पेट्रोल सुधारतात ते हेच. वर्षभर त्यांच्यावरून तेलाची तापलेली वाफ जाते, काजळी साचते, आणि मग वाफ प्लॅटिनमला शिवतच नाही. काजळी जाळायची खरी, पण हवा जास्त सुटली की आतच आग भडकते आणि प्लॅटिनमच्या गुठळ्या होतात.

"चार दिवस द्या," एलिओदोरो म्हणाला.

"चार. पाचव्या दिवशी मी ऑर्डर पाठवणार."

नायट्रोजनमध्ये नखाएवढी हवा मिसळून त्यानं सोडली. खुर्ची टाकून तापमापकांच्या काट्यांसमोर बसला. टाकीतली धग वरून खाली इंचाइंचानं सरकत होती. तो खडूनं फळीवर आकडे लिहीत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी उर्दानेतांचा धीर सुटला.

"या गतीनं ख्रिसमस येईल! हवा वाढवा."

एलिओदोरोनं डोक्यावरची टोपी काढली आणि हवेच्या झडपेच्या चाकावर ठेवली. झालं! तिथं ज्या चाकावर कुणाची टोपी, त्या चाकाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही. राजधानीतून नवे आलेले उर्दानेत हात पुढे करून उभे, आणि अख्खी पाळी त्यांच्या हाताकडे बघतेय. काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तोच हात खिशात घातला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, जितका प्राणवायू आत तितकाच बाहेर! म्हणजे जळायला काजळी उरलीच नव्हती. मग उस्तादानं क्लोरीन फिरवला, गेल्या खेपेच्या घाईत झालेल्या गुठळ्या फुटून प्लॅटिनम पुन्हा पसरावं म्हणून. चौथ्या दिवशी सकाळी प्लॅटिनम जागं करायला हायड्रोजन, मागून तेल. दुपारी प्रयोगशाळेतली नुबिया चिठ्ठी फडकवत पळत आली.

"शहाण्णव! चौऱ्याऐंशीचं शहाण्णव झालं, उस्ताद!"

पेट्रोलच्या प्रतीचा, म्हणजे ऑक्टेनचा, असा आकडा त्या टाकीनं तीन वर्षांत दिला नव्हता. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी एलिओदोरोला खुर्चीसकट उचललं. उर्दानेत गर्दीतून वाट काढत आले, चिठ्ठी दोनदा वाचली.

"हरलो, उस्ताद. ऑर्डर फाडतो. आणखी काय करू, बोला."

खुर्चीवरूनच, चार माणसांच्या खांद्यांच्या उंचीवरून, एलिओदोरो म्हणाला, "साहेब, चाळिसांच्याही घरी निरोप धाडा, सोमवारी डबा घेऊन यायचंय म्हणावं. आणि आधी मला खाली उतरवायला सांगा, ही गाढवं पाडतील!"