धवल्याची फाईल

संगणकाला हात लावण्याआधी बाई पदराने चष्मा पुसायच्या आणि विचारायच्या, "दुसरीकडे वाजतं का?"

मुरुडच्या एसटी स्टँडजवळ त्यांचं इंटरनेट केंद्र होतं. मी तिथे लोकांचे अर्ज टाईप करायचो. ऑडिओ वाजत नाही म्हणून कुणी आलं की हा प्रश्न ठरलेला. दुसऱ्या ब्राउझरमध्ये वाजलं तर दोष पहिल्या ब्राउझरचा, कुठेच नाही वाजलं तर बहुतेक फाईलचा. निम्मं काम तिथेच व्हायचं.

एक निवृत्त मास्तर लॅपटॉप घेऊन आले. कीर्तनाची साईट मुकी झाली होती. त्यांनी तीनदा लॅपटॉप बंद करून चालू केला होता. बाईंनी वरच्या टॅबवर उजवं क्लिक केलं. तिथे त्या साईटचा आवाज बंद केलेला होता.

"सर, तुम्हीच याचं तोंड बंद केलंय."

मास्तर हळूच म्हणाले, "मुलाला सांगू नका."

मग एकदा जवळच्या गावातली मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन आली. तिची आजी धवलारीण, म्हणजे लग्नात विधींची गाणी, धवले, म्हणणारी. घशाच्या ऑपरेशननंतर आजीचा आवाज गेला होता. मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं.

"आजीचा धवला हाय यात," ती म्हणाली. "पन वाजत न्हाय."

बाईंनी दोन्ही ब्राउझर पाहिले. गाण्याची पट्टी दिसे, पण सेकंदांचा आकडा शून्यावरून हलेना. मग त्यांनी फाईलच्या नावातली शेवटची अक्षरं वाचली. "जुन्या फोनवरची आहे. ब्राउझरला वाचता येत नाही. प्रकार बदलून बघू."

बदलल्यावर आवाज आला आणि मिनिटभरात तुटला. एवढंच उरलं असेल, असं मला वाटलं. बाईंनी मान हलवली.

"कॉपी अर्धवट झालीय. तो फोन कुठाय?"

"घरी पडलाय, मॅडम. बॅटरी फुगली."

"फेकला नाहीत ना? मग आण."

दुसऱ्या दिवशी केंद्र माझ्यावर टाकून बाई एसटीने अलिबागला गेल्या आणि तसली बॅटरी शोधून आणली. फोन सुरू झाला, फाईल पूर्ण उतरली.

नात आजीला घेऊन आली. धवला सुरू झाला तेव्हा आजी परक्या बाईचं गाणं ऐकावं तशी बसली होती. मग तिचे ओठ हलू लागले. काम झालं की बाई लगेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायच्या. त्या दिवशी त्यांनी रांगेला हाताने थांबवलं आणि धवला संपेपर्यंत उभ्या राहिल्या.

लग्नात तो मांडवातल्या स्पीकरवर वाजला. आजी नातीचा हात धरून बसली होती.

पुढे केंद्र बंद झालं. बाई आपल्या मुलीकडे नागपूरला गेल्या. गेल्या वर्षी आजी वारली. मधल्या काळात नातीने फोन बदलला होता आणि धवला कुठेतरी हरवला होता. तिने माझ्याकडून बाईंचा नंबर घेतला.

संध्याकाळपर्यंत बाईंनी त्याच धवल्याच्या तीन वेगवेगळ्या प्रकारच्या फायली पाठवल्या. खाली एवढंच लिहिलं होतं, "एक तरी वाजेलच."