दुसरी वही

मावशी मॅचची तिकिटं काढायला बसली आणि तिनं तीन काढली. जाणार होतो दोघीच, ती आणि मी. तिसरं कुणाचं म्हणून विचारलं, तर म्हणाली ताईचं. ताई म्हणजे माझी आई, आणि तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी चिडून नको नको ते बोलले. मावशी शांतपणे चष्मा पुसत राहिली. तिनं एकदा मनावर घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

या दोघी बहिणींनी तीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईखात्यात काढली. एकीनं चादरी मोजून आकडा बोलायचा, दुसरीनं तो वहीत लिहून "टिपलं" म्हणायचं. टिपलं ऐकल्याशिवाय पुढच्या गठ्ठ्याला हात लावायचा नाही. सुट्टीच्या दिवशी दोघी मुलींच्या क्रिकेटचा स्कोअर लिहायला जायच्या, तिथंही तीच रीत. दोघींच्या दोन वह्या. मावशी बॉल बोलायची, आई लिहून टिपलं म्हणायची, मग मावशी आपल्या वहीत उतरवायची.

मलाही शिकवायला घेतलं होतं. पण माझ्या सहाची शेपटी इतकी आखूड, की तो शून्यच वाटायचा. एकदा त्यापायी मैदानावर जिंकलेली टीम वहीत हरली. आईनं चारचौघांत माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. मी फणकाऱ्यानं उठले, ती पुन्हा त्या टेबलाकडे फिरकलेच नाही.

त्यांच्या मैदानावर एक डावखुरी पोरगी होती. दोघी तिला डावरी म्हणायच्या. नऊ वर्षांची असल्यापासून तिची एकूण एक धाव यांच्या वह्यांत आहे. ही देशाकडून परदेशात खेळायला लागली की आपण दोघींनी लिहायला जायचं, असं केव्हाचं ठरलं होतं.

आई गेली त्या दिवशी सकाळी तिनं मला फोन केला होता. ये गं आज, बस जरा आमच्याशेजारी, म्हणाली. मला दुसरे उद्योग आहेत, असं म्हणून मी फोन ठेवला. दुपारी डावरीनं सिक्स मारला. मावशी "सहा" म्हणाली आणि टिपलं काही ऐकू येईना. झोपलीस की काय ताई, म्हणत ती वळली. आई ताठ बसलेली होती, पेन्सिल बोटांतच होती. त्या बॉलचा चौकोन रिकामा राहिला.

त्यानंतर मावशीनं पेन्सिल धरली नाही. दोन वर्षं खिडकीशी नुसती बसून असायची, जेवायला हाक मारली तरी दोनदा मारावी लागायची. मग परदेशातल्या मॅचसाठी डावरीची देशाच्या टीममध्ये निवड झाली. विमानात मावशीनं मला सांगितलं, ताईनं साथ दिली तर लिहीन, नाही दिली तर दोन्ही वह्या तिथंच टाकून येईन, मग मला कुणी काही करायला सांगायचं नाही. मी ऐकून गार पडले. तिथून परत येऊन ती खिडकीशी बसली असती, तर पुन्हा उठली नसती.

मैदानाच्या फाटकावर एका बाईनं आमची झडती घेतली. दोन्ही वह्या चाळल्या. आईच्या वहीत तो रिकामा चौकोन होता आणि पुढची सगळी पानं कोरी. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मावशीनं आईची वही कापडी पिशवीत घालून नाडीला गाठ मारली आणि पिशवी आमच्या मधल्या खुर्चीवर ठेवली.

लख्ख ऊन होतं. पहिला बॉल पडला. "निर्धाव," मावशी म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.

"टिपलं."

आईचा आवाज होता. तसाच, घशात किंचित अडकलेला. मी मागे वळून पाहिलं, तर एक गोरा म्हातारा सँडविच खात होता. मावशी मान खाली घालून लिहायला लागली होती, जणू मध्ये दोन वर्षं गेलीच नव्हती.

दर बॉलला तो आवाज येत राहिला. कॉफीवाली आली आणि न विचारता तिनं तीन पेले दिले. एक मावशीनं पिशवीशेजारी ठेवला. थोड्या वेळानं पाहिलं, तर तो अर्धा झाला होता. पळून जावंसं वाटत होतं, आणि पुढचं टिपलं ऐकल्याशिवाय हलवतही नव्हतं.

शेवटच्या ओव्हरमध्ये डावरीनं सिक्स मारला. सगळं मैदान उभं राहिलं.

"सहा, डावरी," मावशी म्हणाली.

काहीच नाही. मावशी थांबली. पेन्सिल कागदावर टेकायची राहिली होती. "ताई?" ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरत गेला आणि तिनं वही मिटायला घेतली. मला ते सहन होईना.

"टिपलं," मी म्हणाले.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं नाही. वही उघडली, सहा लिहिला. उरलेले चारही बॉल मीच टिपलं म्हणाले, कारण दुसरं कुणी म्हणेना. आपण जिंकलो, हे मला शेजारच्यांच्या नाचण्यावरून कळलं.

मॅच संपली की दोन्ही वह्या ताडून बघायच्या, हा त्यांचा शिरस्ता. हॉटेलच्या खोलीत आल्या आल्या मावशीनं पलंगावर बसून पिशवीची गाठ सोडली. फाटकावर मारली होती तीच गाठ. आईची वही उघडली. सगळी मॅच लिहिलेली होती, आईच्या तिरक्या अक्षरात, डावरीच्या सिक्सच्या आधीच्या बॉलपर्यंत. तिथून पुढचे आकडे माझे होते.

मी त्या वहीला हातही लावला नव्हता. उजव्या हाताकडे पाहिलं, तर बोटाला पेन्सिलीचा काळा डाग.

मावशीनं पानं मागे उलटली. दोन वर्षांपूर्वीचा तो चौकोन आता रिकामा नव्हता. त्यात एक गोल होता, त्याला नावापुरती शेपटी. मला रडू आवरेना.

मावशीनं चष्मा वर केला आणि वही डोळ्यांजवळ नेली.

"हा सहा आहे की शून्य?"

"सहा."

तिनं वाट पाहिली, मधल्या खुर्चीकडे पाहायची तशी, पिशवीकडे बघत. मग स्वतःच म्हणाली, "टिपलं."