अडकलं तर थांबायचं

जगात जे काही बिघडलेलं आहे ते सगळं माणसांना नववी-दहावीत नीट कविता म्हणायला न लावल्यामुळे बिघडलेलं आहे, असं मनापासून मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे आणि तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान बजाजनगरच्या एका हायस्कुलात मराठी शिकवत. रस्त्यातला खड्डा, कुणाची तरी माहेरी निघून गेलेली सून, आमच्या छावणी भागात नळाला न आलेलं पाणी, कुठलाही विषय काढा, ते शांतपणे सगळं ऐकून घेत आणि विचारत, "त्या पाणी सोडणाऱ्या साहेबाला शाळेत कुणी कविता म्हणायला लावली व्हती का?" आता हे आपल्याला कुठून माहीत असणार? आपण गप्प बसलो की ते "नसंलच लावली" असं म्हणून चहाचा कप उचलत. पाण्याच्या प्रश्नाचा त्यांच्यापुरता निकाल लागलेला असे.

शाळेत शनिवारचा शेवटचा तास त्यांचा पाठांतराचा. त्या तासाला वर्गातल्या एकेकाने पुढे यायचं, हात मागे बांधायचे आणि कविता म्हणायची. कशी म्हणायची, तर किराणा दुकानात जाऊन अर्धा किलो साखर मागावी तशी. साखर मागताना माणूस गळा काढत नाही, डोळे मिटून डुलत नाही आणि मुख्य म्हणजे त्याला खरोखर साखर हवी असते, असं त्यांचं म्हणणं. हातवाऱ्यांचा तर त्यांना मनस्वी तिटकारा. "चंद्र म्हणलं की वर बोट करायचं नाय. चंद्र कुठं असतो ते लोकांना ठाऊक आहे," असं ते मुलांना बजावत. त्यामुळे शहरातल्या काव्यवाचन स्पर्धांमध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांनी कधी उत्तेजनार्थसुद्धा बक्षीस आणलं नाही. बाकीच्या शाळांची मुलं व्यासपीठावर झाडं, नद्या, पक्षी सगळं होऊन दाखवत, आणि मग ह्यांचा एखादा विद्यार्थी येऊन साखर मागून जाई. एकदा परीक्षकांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की मुलं पाठ छान करतात, पण भावना दिसत नाही. "भावना आत आहे," साडू म्हणाले. "दिसायला ते काय रुखवत आहे का, मांडून ठेवायला?"

पण त्यांचा खरा कायदा वेगळाच होता. कविता म्हणताना एखादा अडकला, तर कुणी पुढचा शब्द सांगायचा नाही, हसायचं नाही, शिक्षकांनी 'बस खाली' म्हणायचं नाही. अडकलं तर थांबायचं. सगळ्या वर्गाने थांबायचं. शब्द मागून येतोच, एखाद्याचा पायी येतो आणि एखाद्याचा बसने, एवढाच फरक, असा त्यांचा हिशेब. मेंढरं राखणाऱ्या घरातली एक मुलगी नववीत होती. घरातली मोठी माणसं अजून वाळूजच्या पुढे कळप घेऊन जात, बाप मात्र कंपनीत हेल्पर. तिला कवितेची पहिली ओळ यायला दोन शनिवार लागले. दोन्ही शनिवारी ती समोर उभी राहिली, वर्ग बसून राहिला आणि घंटा झाल्यावर सगळे घरी गेले. तिसऱ्या शनिवारी ती बोलायला लागली ती कविता संपल्यावरही थांबेना, असं साडू अभिमानाने सांगत.

हा कायदा शाळेपुरता राहिला असता तर कुणाचीच काही हरकत नव्हती. माझं क्रांती चौकात चष्म्याचं दुकान आहे. सुट्टीत साडू तिथे येऊन स्टुलावर बसत. गिऱ्हाइकाला मी भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली की ह्यांचा तास सुरू होई. "हात मागं घ्या," ते गिऱ्हाइकाला सांगत. गिऱ्हाईक वरच्या तीन ओळी वाचून चौथीवर अडकलं की मी भिंग बदलायला पुढे होई. साडू मला दंडाला धरून मागे ओढत. "थांबा साडूभाऊ, घाई करू नका. येईल त्यांना."

"येणार नाही," मी म्हणे. "त्यांना दिसत नाहीये. म्हणून तर ते आलेत."

"तुम्ही लोकांना वेळच देत नाय," असं म्हणून ते माझ्याकडे खेदाने बघत. गिऱ्हाईकही मग माझ्याकडे तसंच बघे. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरी उखाण्यात मध्येच अडकली आणि बायका नेहमीप्रमाणे पुढची ओळ सांगायला सरसावल्या, तेव्हा ह्यांनी भर मांडवात हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. वाढपी पोळ्यांची टोपली घेऊन उभा, पानांवर वरण गार होतंय, नवरदेवाचा मामा सारखा घड्याळ बघतोय, आणि सगळा मांडव थांबलेला. शेवटी त्या पोरीने उखाणा सोडून दिला आणि नवऱ्याचं नाव नुसतंच घेतलं, साधं, स्वच्छ. साडूंच्या मते त्या मांडवात तेवढी एकच कविता झाली.

आणि अशा माणसाचा तोच तास जायची वेळ आली. मुख्याध्यापिका बाई काही वाईट नव्हत्या. दहावीचा निकाल लावायचा तर सराव पेपरांना वेळ हवा आणि तो शनिवारीच मिळतो, असं त्यांचं म्हणणं. पालकांची सभा बोलावली, जो निर्णय होईल तो सगळ्यांसमोर होऊ दे म्हणून. सभेच्या आधी आठवडाभर साडू कुठल्याच विषयावर काही बोलले नाहीत. शेवटी मेहुणीचा मला फोन आला, "तुम्ही जा बाई ह्यांच्यासंगं. धड जेवंना गेलेत." तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की ह्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांना बोलायला उभं केलं, पण ह्यांनी स्वतः चार लोकांत उभं राहून काही म्हटलेलं मी कधीच ऐकलं नव्हतं.

सभेला पालक आले होते. काही पहिली पाळी बुडवून, काही रात्रपाळी करून तसेच कंपनीच्या गणवेशात. नववी-दहावीची मुलं आईबापांशेजारी बसलेली. बाईंनी सराव पेपरांचं महत्त्व सांगितलं, ते सगळ्यांना पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. मग त्या म्हणाल्या, सरांना काही सांगायचं असेल तर सांगावं.

साडू पुढे गेले. त्यांनी हात मागे बांधले. "पालकहो," ते म्हणाले, आणि अडकले.

पंखा फिरत होता. बाहेर कांदे-बटाट्याची गाडी भोंग्यावर भाव सांगत गेली. साडूंचे ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. मागच्या बाकावरचा एकजण खुदकन हसला. बाई चांगल्या मनाने म्हणाल्या, "असू द्या सर, बसा तुम्ही. आम्ही समजू शकतो."

तेवढ्यात ती मेंढरवाल्या घरातली मुलगी उभी राहिली. "मॅडम, सर अडकलेत," ती म्हणाली. "थांबायचं असतंय."

तिच्या बापाने तिचा हात ओढला, "गप बस की गं." पण ती बसली नाही. आणि सगळी मुलं अशी सवयीने शांत झाली, की मोठ्या माणसांनाही शांत होणं भाग पडलं. बाईसुद्धा खुर्चीत टेकल्या. किती वेळ गेला देव जाणे.

"मी नववीत असताना गुरुजींनी मला कविता म्हणायला उभं केलं," साडू म्हणाले. अगदी साखर मागावी तसं. "अडकलो. पोरं हसली. गुरुजी म्हणाले, बस खाली. तवा जो बसलो तो आज उभा राहिलोय. कवितेनं मार्क वाढत नाय, मला माहीत आहे. पण ह्या लेकरांना निदान एका तासाला तरी कुणी बस खाली म्हणू नये. येवढंच." आणि ते जागेवर येऊन माझ्याशेजारी बसले. मी उगाच चष्मा काढून पुसत बसलो.

मग मुलीचा बाप उठला. "राहू द्या मॅडम त्यो तास," तो म्हणाला. "आमच्या घरात कोण कुणाला बोलू देत नव्हतं. आता ही पोरगी सगळ्यांला थांबवती. लई तरास आहे, पण आमच्या म्हातारीचं बोलणं पुरं व्हाय लागलंय." लोक हसले. सराव पेपर शाळा सुटल्यावर घ्यायचे ठरले आणि तास राहिला.

साडू निवृत्त होईपर्यंत तो तास तसाच राहिला. आता शनिवारच्या त्या तासाला सराव पेपरच असतात. साडू त्या वेळेला छावणीत आमच्याकडे येऊन बसतात. हल्ली त्यांचे शब्द वरचेवर अडकतात. डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक नाव दिलं आहे. साडूंनी ते ऐकून डॉक्टरांना शाळेत कविता म्हणायला लावली होती का, एवढंच विचारलं.

परवाच्या शनिवारी असेच बसलो होतो. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड केलं आणि माझ्या बायकोला हाक मारायला गेले. तिच्या दोन वेण्या असल्यापासून ते तिला नावाने हाक मारतात. नाव येईना. बायको ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, तिच्याही आलं असणार. साडूंनी हात मागे नेले. आम्ही थांबलो. आत कुकरची शिट्टी झाली, गॅस बारीक करायला कुणी गेलं नाही.

"रेखा," ते म्हणाले.

"काय दाजी?"

आता त्यांना काय हवं होतं ते आठवेना. ती तशीच दारात उभी राहिली.