अजीजची ओली गोणी

लातुरात तेव्हा पोरं डॉक्टर करायची साथच आली होती, अन् तिच्यावर अजीज बेडूकवाल्याचं घर चालायचं. कॉलेजात चिरायला लागणारे जिवंत बेडूक तोच पुरवायचा. त्या बदल्यात जीवशास्त्राच्या सरांनी त्याच्या पोरीला, मुबश्शिराला, आपल्या खास क्लासात फुकट बसवलं होतं. बेडूक पुरवायचे चुकले की क्लास बंद, असा साफ करार. पोरगी डॉक्टर झालेली बघायची, याच्यापुढं अजीजला दुसरं काही सुचत नव्हतं.

भूकंपानंतरचं दुसरं वर्ष. फेब्रुवारीत प्रॅक्टिकलची परीक्षा आली. चाळीस बेडूक पाहिजेत, अन् विहिरी तर आटलेल्या. अजीज तीन दिवस किल्लारीकडच्या विहिरींत उतरला. हाती लागले पंचवीस. पडक्या घरांच्या दगडांखाली मात्र टोडच टोड, म्हणजे जमिनीवर राहणारे भेक. चामखिळीच्या अंगाचे, सुस्त, माणूस आला तरी हलायचं नाव नाही. पळतील कशाला? डोळ्यांमागच्या गाठींत विष. कुत्र्यानं टोड तोंडात धरला की ते फेस गाळत फिरतं, हे अजीजनं कैकदा बघितलं होतं. म्हणून बारा वर्षं तो त्यांच्या वाटेला गेला नव्हता. आता मात्र त्याचा जीव रडकुंडीला आलेला. "चिरायचेच तर हायेत," म्हणत त्यानं पंधरा टोड त्याच गोणीत कोंबले. गरजवंताला अक्कल नसते, दुसरं काय.

जीपमध्ये तो गोणीवर सारखं पाणी शिंपडत आला. बेडूक पाणी पितो कातडीनं, श्वासही घेतो कातडीनं. ओल राहिली तरच जगतो. ही त्याची रोजची रीत होती.

प्रयोगशाळेत गोणी उघडली. टोड मजेत बसलेले. पंचवीसच्या पंचवीस बेडूक पाय ताणून मेलेले. अजीज खाली बसून एकेकाला हलवून बघू लागला.

बाहेरगावचे परीक्षक वाकून बघत होते. समोर पहिला नंबर मुबश्शिराचाच होता. त्यांनी तिलाच विचारलं, "हे कशानं मेले?"

तिनं बापाकडं बघितलं नाही. "टोड घाबरला की गाठींतून दुधासारखं विष सोडतो. ते पाण्यात मिसळलं, अन् बेडकांच्या कातडीनं आत ओढलं. दोघांना एका गोणीत ठेवायलाच नको होतं."

परीक्षकांनी पैकीच्या पैकी मार्क दिले. सर अजीजला दाराबाहेर घेऊन गेले. "उद्यापासून बेडूक दुसरा माणूस आणील, अजीजभाई. अन् पोरीला क्लासात पाठवू नका."

"सर, तिनं बराबर सांगितलं न्हाई का?"

"बरोबर सांगितलं."

"मंग तिला कशापायी काढून राहिले?"

"करार बेडकांचा होता," सर म्हणाले, अन् पुढचा नंबर पुकारायला आत गेले.