काजूच्या काट्यावरची दप्तरं

चार निवृत्त शिक्षक एका पंगतीला शेजारी बसले की वरण वाढायच्या आत शाळा भरते. सकाळी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पण कोण कुठल्या बाकावरून काय बोललं ते जसंच्या तसं आठवतं. मागच्या महिन्यात साखळीला एका मुंजीत आम्ही चौघं भेटलो, आणि पहिला भात संपायच्या आत विषय परब सरांवर आला. तो नेहमीच येतो. मी मराठीची बाई, उभा जन्म फळ्याशी काढला, पण माझे किस्से कोणी सांगत नाही. एकच सांगतात, माझ्या चार वह्यांचा, आणि तोही परब सरांमुळे. तेव्हा म्हटलं, आपणच सांगून टाकावं. निदान माझी बाजू तरी नीट येईल.

*

आमची शाळा डिचोली तालुक्यातली, कारापूरच्या वाटेवरची. गोवा राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कोंकणी की मराठी यावर मोठी माणसं तिठ्यावर भांडत होती, आणि पोरं बिचारी दोन्ही भाषांची पुस्तकं पाठीवर घेऊन मुकाट चालत होती. वर हिंदी, त्याच्यावर इंग्रजी. आम्हाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. दप्तर जड म्हणजे शाळा चांगली, एवढं साधं गणित होतं.

परब सर मूळचे पेडण्याचे, शाळेत पीटीचे शिक्षक. पीटीच्या शिक्षकाला शाळेत किती मान असतो ते मी सांगायला नको. पाऊस आला की त्यांचा तास गणिताला. पण माणूस उंचापुरा, आणि आवाज असा की मैदानावर त्यांनी "सावधान" म्हटलं की रस्त्यावरून जाणारा पोदेर पावांची सायकल थांबवून उभा राहायचा.

एकदा जून महिन्यात ड्रिल चालू होती. पाचवीच्या रांगेत सुलभा नावाची एक बारकी मुलगी वाकडी उभी होती. सर ओरडले, "सुलभा, सरळ उभी राहा." ती तशीच. पुन्हा ओरडले. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, मी सरळच उभी आहे."

सर जवळ गेले. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली होता. त्या दिवशी त्यांनी पुढची ड्रिल घेतलीच नाही.

*

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी आंब्याच्या फांदीला काजूबिया तोलायचा काटा टांगलेला. खाली हूक, वर गोल तबकडी. गावात काजू घेणाऱ्या दुकानदाराकडून सरांनी तो मागून आणला होता. हंगाम मे महिन्यात संपतो, शाळा जूनमध्ये उघडते, त्यामुळे दुकानदाराचीही हरकत नव्हती. पुढे कित्येक वर्षं तो काटा असाच उन्हाळ्यात दुकानात आणि पावसाळ्यात शाळेत नांदला.

एकेकाचं दप्तर हुकाला लागत होतं. हलकं निघालं की सर म्हणायचे, "चल, पळ." आणि पोर खरंच पळत सुटायचं. पहिल्या दिवशी असं पळायला मिळालं ते फक्त तिघांना, आणि त्यातले दोघे पुस्तकं घरी विसरून आले होते.

सुलभाचं दप्तर भरलं सात किलो. मग सर तिलाच म्हणाले, "हूक धरून लोंबकळ बघू." ती भरली बावीस.

हेडमास्तर तरातरा बाहेर आले. "परब, ही शाळा आहे की काजूचं दुकान?"

"सर, काजूवाला निदान तोलून तरी घेतो," परब सर म्हणाले. "आपण न तोलताच पोरांच्या पाठीवर टाकतो."

*

सर सुलभाला साखळीच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं, हाड कोवळं आहे, सुधारेल, पण पाठीवर भार अजिबात नको. जमत नसेल तर वर्षभर शाळा थांबवा.

सुलभाची आई शेवंती भाजी विकायची. दर बुधवारी डिचोलीच्या बाजारात, इतर दिवशी दारोदार. तिच्या घरातून पाचवीपर्यंत पोचलेली सुलभा ही पहिलीच. अशा घरातल्या मुलीची शाळा एकदा थांबली की थांबलीच, हे स्टाफरूममधल्या प्रत्येकाला माहीत होतं. आम्ही "अरेरे" म्हटलं आणि चहा प्यायलो. खोटं का बोलू?

सोमवारी सकाळी पाहतो तर काय, सुलभा फाटकातून आत येतेय, डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर दप्तर, दोन्ही हात मोकळे. थेट बाजाराला निघालेली बाई. अख्खी शाळा हसली. मीही हसले. परब सर तेवढे हसले नाहीत. त्यांनी शेवंतीला बोलावणं धाडलं.

ती रिकामी पाटी काखेला मारून आली आणि दारातूनच म्हणाली, "डॉक्टरान पाठीर भार नाका म्हणून सांगलां. माथ्यार नाका म्हणून खंय सांगलां?"

बोला आता! हेडमास्तर चष्मा काढून पुसत बसले.

शेवंतीने दप्तर एका हाताने उचललं, जरा झुलवलं आणि म्हणाली, "सात किलो." काट्याशिवाय. मग विचारलं, "हें सगळें आज लागतलें?"

परब सर म्हणाले, "नाही. आज तीन पुस्तकं लागतील."

मग ती आमच्यासाठी मराठीत बोलली. अगदी शांतपणे बोलली म्हणून जास्त लागलं. "बाई, मी बाजारात जाताना आज खपेल तेवढीच भाजी पाटीत घालते. कालची आणि उद्याची पण डोक्यावर घेऊन फिरले तर मान मोडेल माझी. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला हे कळत नाही?"

परब सर उठले आणि स्टाफरूमच्या फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, "आज लागतं तेवढंच." ते पुसायची पुढे कोणाची छाती झाली नाही.

जाताना शेवंती म्हणाली, "पंधरा दिवस बघते. खांदा वर नाही आला तर माझं चेडू घरी. शाळेसाठी मी तिची पाठ देणार नाही."

*

लगेच स्टाफची मीटिंग झाली. दप्तर हलकं व्हावं हे सगळ्यांना पटलं. फक्त आपला विषय सोडून! गणिताचे कामत सर म्हणाले, गणिताचं पुस्तक रोज हवंच. भूगोलाला नकाशांचं पुस्तक हवंच. मी म्हटलं, मराठीला चार वह्या लागतात, निबंधाची, व्याकरणाची, शुद्धलेखनाची आणि एक कच्ची. त्याशिवाय भाषा कशी येणार?

परब सर बाहेर गेले, काटा काढून घेऊन आले, माझ्या चार वह्या सुतळीने बांधून हुकाला अडकवल्या आणि तबकडीकडे बघत म्हणाले, "बाई, मायबोली एवढी जड आहे हे मला माहीत नव्हतं."

मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी गुपचूप वर्गात सांगितलं, उद्यापासून मराठीला एकच वही. स्टाफरूममध्ये मात्र याचं अवाक्षर काढलं नाही. पण फाटकावरच्या काट्याला सगळं कळतंच.

*

इकडे सुलभा एक कापडी पिशवी घेऊन येऊ लागली. पुस्तकं शाळेतच ठेवायची. मग घरचा अभ्यास ती कशावरून करते, हा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता. पडला नाही.

तो पडला कामत सरांना. एके दिवशी तिची वही आपटत ते स्टाफरूममध्ये आले. "ही मुलगी मला वेडा करणार! रीत बरोबर, उत्तर बरोबर, पण गणित माझं नाहीच! मी दिले तीनशे शेहेचाळीस नारळ, हिच्याकडे तीनशे चाळीस. सहा नारळ गेले कुठे?"

सुलभाला बोलावलं. तिने पिशवीतून एक जाड वही काढली. आत गणिताचं पुस्तक पहिल्या पानापासून हाताने उतरवलेलं. अक्षर म्हणजे अंगणात कोंबडी फिरून गेलेली. त्यातला सहा शून्यासारखा दिसत होता. हे अक्षर कोणाचं ते विचारायची गरजच नव्हती. हजेरीच्या कॅटलॉगमध्ये आम्ही ते रोज बघत होतो.

त्या वर्षी पुस्तकं नवीन आली होती. वरच्या वर्गातल्यांची जुनी पुस्तकं उपयोगाची नाहीत, आणि नवीन दुकानात आली त्याच दिवशी संपली. एक संच शाळेत आणि एक घरी ठेवायचा तर दुसरा आणायचा कुठून? म्हणून परब सर रोज मधल्या सुट्टीत मैदानामागच्या खोलीत बसून पुस्तकं उतरवत होते. विज्ञानाचे दोन-तीन धडे झाले होते. भूगोलही सुरू झाला होता. भूगोलाच्या वहीत त्यांनी गोव्याचा नकाशा काढला होता आणि त्यात त्यांचा पेडणे तालुका, खरं तर सत्तरीच्या निम्मा, सत्तरीच्या दुप्पट होता.

कामत सरांनी ती नकाशाची वही मिटली. मग गणिताची वही काखेत मारून म्हणाले, "परब, गणित तुम्ही लिहायचं नाही. तुमच्या हातचं शिकली तर पोरगी पास होऊन नापास होईल." पुढे उरलेली सगळी प्रकरणं त्यांनी स्वतः त्याच वहीत उतरवली. मराठी मी लिहून दिलं. आणि लिहिताना हाताला रग लागली तेव्हा कळलं, एका पुस्तकाचं वजन म्हणजे काय असतं.

पंधराव्या दिवशी शेवंती आली. सुलभाला समोर उभं केलं आणि तिच्या खांद्याला बोटं लावून पाहिलं. दोन बोटांचं एक बोट झालं होतं. माझ्या मेजावर तांबड्या भाजीची जुडी ठेवली आणि सुलभाला शाळेतच ठेवून एकटीच परत गेली.

*

आता सगळ्यांचीच पुस्तकं शाळेत राहू लागली. जनेलांखाली, म्हणजे खिडक्यांखाली, पुस्तकांसाठी फळ्या ठोकल्या. घरी जायचं ते ज्याचा अभ्यास दिला तेवढं एकच पुस्तक. तर पालक चिडले! शेजारच्या गावातली पोरं ओझ्याने वाकून चालतात आणि आमची शीळ घालत जातात, लोक काय म्हणतील? एक बाप तर म्हणाला, "तुमच्या शाळेत शिकवतात की नुसतंच खेळवतात?"

परब सरांनी रविवारी सभा बोलावली. म्हणाले, भाषण नाही, फक्त एक छोटं काम आहे. प्रत्येक बापाला काट्यावर लोंबकळायला लावलं, वजन लिहिलं, आणि सुलभाच्या हिशोबाने प्रत्येकाच्या वजनाच्या तिसऱ्या भागाएवढे चिरेखाणीतले दगड पिशवीत भरून पाठीवर दिले. शेवंती पायरीवर बसून बघत होती. सर म्हणाले, "देवळाच्या टेकडीवर जाऊन या. पोरं रोज एवढंच चालतात."

जाताना बापांची मोठी चेष्टामस्करी चालली होती. येताना ऐकू येत होता फक्त श्वास. सगळ्यात मोठ्याने भांडणारा तो बाप सगळ्यात शेवटी आला, बाकावर आडवा झाला आणि पडल्या पडल्या म्हणाला, "सर, फाल्यांपसून म्हज्या चेड्याक हांव फकत पेन्सील घेवन धाडटां." म्हणजे उद्यापासून त्याचा पोरगा नुसती पेन्सिल घेऊन येणार.

*

परब सर निवृत्त झाले तेव्हा आम्ही जोरात समारंभ केला. शाल, श्रीफळ, पितळेची समई, भिंतीवरचं घड्याळ, काचेत मढवलेलं मानपत्र. ते टेकडी चढलेले बाप आता आजोबा झाले होते, त्यांनीही काय काय आणलं. सगळं एका मोठ्या पिशवीत भरलं आणि सर ती खांद्याला लावून बस स्टॉपकडे निघाले. कोणाला हात लावू देईनात. एका बाजूला झुकले होते, पण ऐट तीच.

फाटकाशी आंब्याला काटा टांगलेला होता. काट्याशेजारी सुलभा उभी होती. ती तेव्हा वाळपईला शिक्षिका होती, आणि रजा टाकून आली होती. उंच झालेली, पाठ ताठ, दोन्ही खांदे एका रेषेत. मी मुद्दाम बघितलं.

"सर, पिशवी," ती म्हणाली.

"अगं, बस येईल."

"पिशवी, सर."

सरांनी पिशवी दिली. तिने हुकाला अडकवली. "अकरा किलो. सर, आज लागतं तेवढंच न्यायचं. बाकीचं शाळेत राहू दे."

तीन हेडमास्तरांचं ज्याने कधी ऐकलं नाही, तो माणूस तिथेच उकिडवा बसला आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागला. समई काढली. घड्याळ काढलं. नारळ काढला. मानपत्र एकदा वाचलं आणि तेही माझ्या हातात दिलं. पिशवी रिकामी झाली.

मग सुलभाने आपल्या पर्समधून एक जुनी जाड वही काढली, कडा कुरतडलेली, आणि ती पिशवीत घालून पिशवी पुन्हा काट्याला लावली. काट्याची सुई हललीसुद्धा नाही.

"चला सर," ती म्हणाली, "पळा."

आणि साठीचे परब सर, नवं धोतर एका हाताने सावरत, आम्हा सगळ्यांच्या देखत रस्त्यावरून पळत सुटले. बस तर अजून आलीही नव्हती.